उझेडोमची अंबर वॉक: भारी आहे, पण पत्र्याची डबी घरूनच न्या

जर्मनीत बाल्टिक समुद्रातल्या उझेडोम बेटावर जाणार असाल तर गाईडसोबतची अंबर वॉक नक्की करा. वादळ होऊन गेलं की समुद्र शेवाळ, काटक्या असला कचरा काठावर आणून टाकतो, त्यात अंबर (झाडाच्या चिकाचा फार जुना, दगडासारखा झालेला पिवळट खडा) शोधायचं, मिळतात ते डाळीएवढे तुकडे, त्यामुळे दागिना करायची स्वप्नं नकोत.

पैसे वसूल होतात ते सुरुवातीच्या फॉस्फरसच्या माहितीत. याच बेटावर पेनेम्युंडेला नाझींचं व्ही-२ रॉकेटचं केंद्र होतं, ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिशांनी रात्रीत त्यावर हल्ला केला आणि बरेच आगलावे बॉम्ब समुद्रातच पडले. त्यातला पांढरा फॉस्फरस अजून किनाऱ्याला लागतो, पिवळट, मेणचट, अगदी अंबरसारखा!! ओला असेपर्यंत काही नाही, खिशात वाळला आणि अंगाची ऊब लागली की भडकतो, १३०० डिग्रीपर्यंत जातो म्हणे, आणि पाणी ओतून विझवला तरी वाळला की परत पेटतो. म्हणून सापडलेलं काहीही खिशात घालायचं नाही, पत्र्याच्या डबीत टाकायचं आणि डबी अंगापासून लांब ठेवायची.

आता मला खटकलेली गोष्ट म्हणजे ही डबी तिकिटात नाही, वेगळी विकत घ्यावी लागते. अरे, हेल्मेटचे वेगळे पैसे घेतल्यासारखं झालं ना हे? बुकिंगच्या पेजवर धोक्याचा साधा उल्लेख नाही, नुसते हसऱ्या पोरांचे फोटो.

गाईड मात्र जाणकार, फक्त बोलतो जर्मनमध्येच. त्याच्याकडून कळलं की युद्ध संपल्यावर उरलेला दारूगोळा दोस्त राष्ट्रांनी बोटी भरभरून समुद्रात टाकायला लावला आणि काही बोटवाले ठरलेल्या जागेपर्यंत न जाता वाटेतच ओतून परत फिरायचे, म्हणजे नकाशावर भरवसा ठेवायची सोयच नाही. जर्मनीच्या समुद्रहद्दीत अंदाजे १६ लाख टन पडलंय, डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाकडे तर मस्टर्ड गॅस हे युद्धातलं विषारी रसायन, त्याचे गोळे मच्छीमारांच्या जाळ्यात आलेत. बॉम्बचं लोखंड गंजतंय तसं आतलं टीएनटी हे स्फोटक पाण्यात उतरतंय, जर्मनीतल्या कील शहराजवळ शिंपल्यांतही सापडलं. जर्मनीतल्याच ल्युबेकच्या उपसागरात २०२४ मध्ये हा दारूगोळा बाहेर काढायची ट्रायल सुरू झाली, म्हणजे जवळपास ८० वर्षांनी!

लहान मुलं सोबत असतील तर त्यांनी फक्त बोट दाखवायचं, उचलायचं मोठ्यांनी. ५ पैकी ४, एक स्टार डबीचा कापला.