गर्दी चुकवायला घेतलेले स्की बूट: दहा महिन्यांनी

आधी बकलचं सांगतो, कारण डोकं त्यानेच खाल्लंय. उजव्या बुटाचं वरून दुसरं बकल. अख्खा उन्हाळा बूट माळ्यावर होते, आणि भुसावळचा माळा मे महिन्यात म्हणजे भट्टीच. सप्टेंबरात काढले, बकल ओढलं, तर दातेरी पट्टी रिव्हेटसकट हातात. मनालीच्या दुकानदाराला फोन लावला. "सर, सेकंडहँड में वारंटी कैसी?" घेताना मात्र "पाच साल कुछ नहीं होगा" हे त्याचंच वाक्य होतं.

घेतले का, तर गेल्या नाताळात सोलंगला गेलो होतो. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, गाडीत गेले चार तास. बर्फ जेमतेम. अर्धी जनता 9.02 किलोमीटरच्या अटल बोगद्यातून सिस्सूकडे चाललेली आणि उरलेली बूट भाड्याने देणाऱ्या टपऱ्यांपुढे उभी. उतारावर गर्दी नव्हतीच, सगळी गर्दी बुटांना. पाऊण तासाने मिळाले ते आधीच्या माणसाच्या घामाने ओले. मी नऊ नंबर मागत होतो. या बुटांचा नंबर पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. माझं पाऊल 27.5. संध्याकाळी चिडून साडेचार हजारांत जुना जोड घेतला. बायको म्हणाली, "हे घालून कूलरमध्ये पाणी भरणार का?"

तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. स्वतःचे बूट, म्हणजे रांग संपली. चूक.

जानेवारीच्या शेवटी उत्तराखंडातल्या औलीला गेलो. 26 तारखेची सुट्टी मुद्दाम टाळून, मंगळवार-बुधवार-गुरुवार. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे ऋषिकेश, जोशीमठ. डब्यात भरीत-पुरी, ती दिल्लीच्या आधीच संपली. 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा रोपवे बंद पडला, त्यामुळे वर गाडीनेच. तिथे स्की भाड्याने घेतल्या आणि कळलं की नुसते बूट असून भागत नाही. स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, बुटाच्या तळाच्या लांबीला जुळवावं लागतं. ती लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, माझ्यावर 315. स्क्रू फिरवून टाच मागेपुढे सरकवायची, मग वजन आणि अनुभव बघून पकड किती घट्ट ते ठरवायचं. हे चुकलं तर पडताना स्की पायातून सुटत नाही आणि किंमत गुडघा मोजतो. तिथल्या पोराने दहा मिनिटं शांतपणे बसून केलं. नाताळात हाच पोरगा "घुस गया ना, चलेगा" म्हणाला असता. म्हणजे बूट स्वतःचे असोत की भाड्याचे, रांग तीच.

मग पैसे वाया गेले का? तेही नाही. सकाळी नऊला खोलीतूनच बूट चढवून निघालो. उतारावर आम्ही तिघं, एक प्रशिक्षक आणि लांब आयटीबीपीचे (तिबेट सीमा पोलिसांचे) काही जवान. रात्रीच्या थंडीने बर्फ कडक, स्कीची कड घासली की किसणीवर नारळ खवल्यासारखा आवाज. खालून फोटोवाले, चहावाले, बर्फात लोळायला आलेली मंडळी यायला साडेअकरा. तोवर माझे सात उतार झाले होते, पैकी दोन न पडता.

"गर्दी नसलेली जागा सांगा" असं लोक विचारतात. पूर्वी मीही नारकंडा वगैरे नावं सांगायचो. आता सांगणार नाही. नाताळात शाळांना सुट्टी म्हणून सगळे निघतात, पण भरवशाचा बर्फ पडतो जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे सगळ्यात जास्त भाडं सगळ्यात कमी बर्फाला. मुलाची शाळा तीन-चार दिवस बुडाली. बाई बोलल्या, ऐकून घेतलं. यंदा तो दहावीला आहे, तेव्हा जानेवारीत तो नाही. मी एकटाच जाणार म्हटल्यावर घरात जे वातावरण आहे, ते बुटांच्या परीक्षणात बसत नाही.

तर बकल. चांभाराने हात लावला नाही, म्हणाला, "हे प्लास्टिक आहे भो, टाका कुठे घालू?" शेवटी गल्लीतल्या कूलरवाल्याकडे नेलं. त्याने पत्र्याला मारतो तोच रिव्हेट आत वॉशर घालून मारला, वीस रुपये. मूळच्यापेक्षा घट्ट बसलाय. आता डाव्या बुटाचं तिसरं बकल हलतंय. कूलरवाला दिवाळीत दुकान बंद करून गावी जातो, त्याआधी गाठायचाय.