रामटेक ब्रॉडगेज की उमरेड नॅरोगेज? घरातल्या शाखा मार्गासाठी माप निवडताना

मॉडेल रेल्वेत माप एकदाच निवडायचं असतं. रूळ, दोन इंजिनं आणि चार डबे घेऊन झाल्यावर माप बदलायचं म्हटलं तर सगळंच पुन्हा घ्यावं लागतं. शाखा मार्गाचा लेआउट, म्हणजे फळीवरची छोटी रेल्वे आणि तिचा परिसर, बांधायला निघालेल्या नागपूरकरासमोर माझ्या मते तीन खरे पर्याय आहेत: एचओ मापात (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) ब्रॉडगेज, एन मापात (१:१६०) ब्रॉडगेज, आणि एचओ मापातलीच गाडी एनच्या ९ मिमी रुळांवर चालवून केलेलं नॅरोगेज. या तिसऱ्या प्रकाराला एचओई म्हणतात. माझा कल तिसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगतो. पण तो सगळ्यांसाठी नाही आणि त्यात हाताचं काम सर्वांत जास्त आहे.

तुलना हवेत राहू नये म्हणून दोन खऱ्या जागा समोर ठेवतो. ब्रॉडगेजसाठी रामटेक: इतवारीहून कामठी, कन्हान करत जाणारी शाखा, शेवटचं छोटं स्थानक आणि मागे गड. नॅरोगेजसाठी उमरेड: इतवारी ते नागभीड या मार्गावरचं गाव. हा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातला, २ फूट ६ इंची म्हणजे ७६२ मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी तो बंद झाला. छिंदवाड्याचा नॅरोगेज त्याआधीच, २०१५ मध्ये थांबला होता. म्हणजे रामटेकची गाडी आजही जाऊन बघता येते, उमरेडची जुनी गाडी आता फोटोंत आणि लोकांच्या आठवणीत आहे. काही जणांसाठी निवड इथेच होते, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं.

रुळांचं गणित

आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ ने भागलं तर दोन रुळांमध्ये १९.३ मिमी अंतर हवं. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिमीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजवरून आला आहे. म्हणजे आपली गाडी सुमारे १४ टक्के अरुंद रुळांवर उभी राहते. एनमध्येही तेच: हवा १०.५ मिमी, मिळतो ९ मिमी. बाजूने पाहिलं तर लक्षात येत नाही. समोरून, विशेषतः फाटकाजवळ कॅमेरा खाली ठेवून फोटो काढला, की रुंद डबा आणि त्याखाली बारीक रूळ लगेच दिसतो. ब्रिटिश ओओ माप (१:७६) त्याच १६.५ मिमी रुळांवर चालतं. तिथे ही चूक २५ टक्क्यांवर जाते, म्हणून भारतीय ब्रॉडगेजसाठी मी ते सुचवत नाही.

आता नॅरोगेज. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८ मिमी. रूळ ९ मिमीचा. फरक जेमतेम ३ टक्के, डोळ्याला न दिसणारा. आपल्याकडच्या गाड्यांसाठी तयार रुळांवर इतकं अचूक बसणारं जोडमाप माझ्या माहितीत दुसरं नाही. ब्रॉडगेजवाल्याला ही अचूकता हवी असेल तर १९.३ मिमीचा रूळ हाताने घालावा लागतो, चाकांचे आसही बदलावे लागतात. पहिल्या लेआउटसाठी ते काम घेऊ नये.

भिंत किती लागते

आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) प्रवासी डबा बफर धरून सुमारे २२.३ मीटर लांब. एचओत तो साडेपंचवीस सेंटिमीटर होतो, एनमध्ये चौदा. जुन्या काळातलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन एचओत वीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक इंजिन आणि चार डब्यांची साधी पॅसेंजर एचओत १२० सेंटिमीटरच्या वर जाते, एनमध्ये ६५ ते ७० मध्ये बसते. नॅरोगेजचे डबे मुळातच आखूड होते, त्यामुळे एचओईत तशीच गाडी साधारण पाऊण मीटर धरून चालावी.

शेवटच्या स्थानकावर इंजिन सुटून, लूप लाइनने फिरून, दुसऱ्या टोकाला लागतं. शाखा मार्गाच्या लेआउटचा जीव या हालचालीत आहे. त्यासाठी गाडीच्या लांबीइतका प्लॅटफॉर्म, दोन्ही बाजूंना पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा), टोकाला इंजिन मावेल एवढी जागा आणि शिवाय गाडी ‘नागपूरला’ गेल्यावर उभी राहायला पडद्यामागे यार्ड लागतं. एचओ ब्रॉडगेजला हे सगळं सरळ मांडायचं तर साडेतीन मीटरची भिंतही अपुरी पडते. यार्ड कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यावं लागतं. आणि वळण इथे महाग असतं. तयार रुळांच्या संचातल्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ३६ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण त्यावर आयसीएफचे डबे कोपऱ्यातून बाहेर लोंबताना दिसतात. नजरेला बरं वाटायला साठ सेंटिमीटर तरी हवेत.

एनमध्ये हाच बेत सव्वादोन मीटरमध्ये उतरतो. एचओईत अडीच मीटरमध्ये, आणि तेवीस-पंचवीस सेंटिमीटरचं वळणही खोटं वाटत नाही, कारण खरा नॅरोगेज तसाच वळत जायचा. त्रिमूर्तीनगर किंवा मनीषनगरच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली डोळ्यासमोर आणा. त्यात पलंग आणि कपाटही आहे. तिथे एचओ ब्रॉडगेजला दाराचा रस्ता अडवावा लागेल, बाकी दोघांना पुस्तकांच्या फळीएवढी रुंदी, म्हणजे पस्तीस-चाळीस सेंटिमीटर पुरते.

तयार काय, हाताने काय

इथे क्रम उलटतो. भारतीय रंगरूपाची इंजिनं-डबे तयार घ्यायचे असतील तर एचओ ब्रॉडगेजमध्ये थोडेफार मिळतात, छोट्या प्रमाणावर बनवणारे लोक आहेत. एनमध्ये बहुतेक वेळा परदेशी चेसिसवर (मोटर आणि चाकांच्या सांगाड्यावर) आपलं खोकं, म्हणजे गाडीचं बाहेरचं कवच, बसवावं लागतं. एचओई नॅरोगेजमध्ये नागपूरचं झेडडीएम-४ए डिझेल हवं असेल तर ते स्वतःच बनवायचं: एनचं दोन बोगींचं (इथे बोगी म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा संच) चेसिस घ्यायचं, त्यावर प्लास्टिक शीटचं किंवा थ्रीडी प्रिंटचं खोकं, बाजूच्या फ्रेम वेगळ्या चिकटवायच्या. एनचं चेसिस इथे कामाला येतं ही मोठी सोय आहे. त्यातल्या मोटरी शांत आणि हळू चालतात, आणि शाखा मार्गावर वेगापेक्षा सावकाश निघणं महत्त्वाचं असतं.

मापं कुठून घ्यायची? यात नागपूरकर नशीबवान आहेत. मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून इथेच आहे. टेप आणि वही घेऊन जा, परवानगी विचारा आणि फोटो काढताना टेप डब्याला लावून ठेवा. खिडकीची उंची, पायरीचं अंतर, बफर-कपलिंगची जागा हे तपशील चित्रांपेक्षा तिथे खात्रीचे मिळतात. तयार लेआउट कसा दिसतो हे पाहायचं असेल तर पुण्याला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. ते एचओ मापात आहे आणि तिथे शहर, घाट, गर्दी सगळं आहे. तिथून परतल्यावर शाखा मार्गाचा शांत लेआउट आपल्याला खरंच हवा आहे का, हेही कळतं.

म्हणून ज्याला खोकं उघडून त्याच संध्याकाळी गाडी चालवायची आहे, घरात आठ-दहा वर्षांची मुलं आहेत, त्याने एचओ ब्रॉडगेज घ्यावं. लहान हातांना रुळावर चढवायला ते सोपं आहे. ज्याला लांब गाडी, मालगाडीचे पंधरा डबे, दूरवर पसरलेलं वावर आणि त्यातून जाणारी रेघ बघायची आहे, त्याने एन घ्यावं. तिथे गाडी निसर्गात लहान दिसते आणि ते सुंदर दिसतं. पण स्थानक, माणसं, पाट्या यांत ज्याचा जीव रमतो त्याला एनमध्ये हळूहळू त्रास होतो. पिवळ्या पाटीवरचं फूटभर उंचीचं अक्षर एचओत साडेतीन मिलिमीटरचं होतं, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ओळी नीट वाचता येतात. एनमध्ये ते दोनच्या आत जातं. बंडीच्या चाकाचे आरे एचओत कोरता येतात, एनमध्ये सुचवावे लागतात.

माती आणि पळस

तपशिलात नॅरोगेज सर्वांत पुढे जातं ते एका अनपेक्षित कारणाने. एनच्या रुळाचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) एचओ नॅरोगेजसाठी फार जवळजवळ असतात. खास नॅरोगेजसाठी बनवलेला ९ मिमी रूळही मिळतो, त्यात स्लीपर वेडेवाकडे आणि लांब असतात, पण तो महाग पडतो. विदर्भातल्या नॅरोगेजवर मात्र खडी क्वचितच स्वच्छ दिसायची. माती आणि गवत स्लीपरवर चढलेलं असायचं. तसंच केलं तर जवळचे स्लीपर झाकले जातात आणि दृश्यही खरं होतं. ब्रॉडगेजला ही सवलत नाही. तिथे काळ्या खडीची नीट उतरती कड दिसलीच पाहिजे, आणि ती घालणं सर्वांत कंटाळवाणं काम आहे: खडी पसरा, ब्रशने स्लीपरवरून काढा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा.

मातीसाठी दुकानात जाऊ नका. उमरेड रस्त्याची काळी माती उन्हात वाळवून, कापडातून चाळून घ्या. चाळल्यावर त्यावरून चुंबक फिरवा, कारण लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. काळी माती पातळ फेविकॉलवर वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. वावरासाठी त्या तशाच ठेवा, मार्च-एप्रिलचं शेत आपोआप तयार होतं. रुळांखाली आणि प्लॅटफॉर्मवर भेगा नकोत, तिथे मुरूम किंवा बारीक वाळू वापरा.

ऋतू एकच ठरवा. माझी शिफारस फाल्गुनाची: पळसाला पानं नाहीत, नुसती केशरी फुलं; सागाची पानं झडलेली; बाभळी तेवढ्या हिरव्या. उमरेडच्या पुढे भिवापूर आहे आणि भिवापुरी मिरची वाळत घालण्याचे हेच दिवस. लकडगंजच्या आरा गिरणीतून बारीक भुसा आणून लाल रंगात बुडवला की स्थानकाबाहेरच्या पटांगणातली मिरची होते. रामटेक करणाऱ्याला हाच ऋतू पार्श्वभूमीच्या गडासाठी चालेल. गड मागच्या फलकावर फिकट निळसर रंगात रंगवावा, म्हणजे दूर जातो.

परदेशी पाकिटातलं हिरवंगार गवत मात्र वापरू नका. ते विदर्भात दिसतं जेमतेम श्रावण-भाद्रपदात. पिवळसर आणि फिकट तपकिरी तंतू मिसळा. तंतू उभे करायचं यंत्र काही जण डास मारायच्या रॅकेटमधल्या सर्किटपासून बनवतात. ते काम करतं, पण बंद केल्यावरही त्यातला कपॅसिटर झटका देतो, म्हणून विजेची कामं जाणणाऱ्याकडूनच ते करून घ्या. झाडाखालच्या पाचोळ्यासाठी चहापत्ती छान, फक्त कढईत कोरडी भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

मे महिना आणि कूलर

हा भाग तिन्ही मापांना सारखाच लागू आहे, पण एचओ ब्रॉडगेजला जास्त भोवतो, कारण त्यात लांबी जास्त. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत बंद खोलीतही तीस अंशांपर्यंत फरक पडतो. तेवढ्यात रूळ मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ टेकवून सांधले तर उन्हाळ्यात ते उचलले जातात. म्हणून थंडीत रूळ घालत असाल तर दर सांध्याला अर्ध्या ते एक मिलिमीटरची फट ठेवा आणि वीज प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारेने द्या.

त्याहून मोठा शत्रू कूलर. खसच्या ओल्या हवेचा झोत महिनोन् महिने एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) फळीवर आला की तिच्या कडा फुगतात. बोर्डासाठी मरीन प्लाय घ्या, कडांना प्रायमर मारा. वरचा थर एक्सपीएस या घट्ट, हलक्या फोमचा केलात तर वजनही उतरतं. थर्मोकोलवर सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका, थर्मोकोल विरघळतो. थ्रीडी प्रिंटचं खोकं पीएलए या प्लास्टिकचं असेल तर मे महिन्यात ते बंद कारमध्ये ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि उन्हातली कार तिथपर्यंत तापते.

विजेबद्दल थोडक्यात. एका वेळी एकच इंजिन फिरणार असेल तर साधं १२ व्होल्टचं डीसी कंट्रोलर पुरतं. डीसीसीचा, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवणाऱ्या डिजिटल पद्धतीचा, खर्च एचओ ब्रॉडगेजवर दोन इंजिनांचं शंटिंग करायचं असेल तेव्हाच करावा. लहान इंजिनं मात्र पॉइंटच्या प्लास्टिकच्या मधल्या तुकड्यावर अडखळतात. एन आणि एचओईसाठी धातूचा, वीज वाहणारा फ्रॉग (हाच मधला तुकडा) असलेलेच पॉइंट घ्या. आणि आपल्याकडे धूळ भरपूर, तेव्हा लेआउटवर चादर टाका आणि चालवण्याआधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

एन आणि एचओई यांत मन अडकलं असेल तर निर्णय पुढे ढकलायला जागा आहे. ९ मिमीचा लवचिक रूळ, दोन पॉइंट, एक एनचं चेसिस आणि डीसी कंट्रोलर एवढंच आत्ता घ्या. हे सगळं दोन्ही मापांना चालतं. दोन फुटांच्या फळीवर रूळ घाला, अर्ध्या भागात एनची पाटी आणि माणसं ठेवा, अर्ध्यात एचओची, आणि आठवडाभर येता-जाता बघा.