जुन्या मॅकची डिस्क एसएसडीवर नेताना: रिकव्हरी, क्लोनर की कोरी सिस्टिम?

2012 च्या मध्याला आलेला 13 इंची मॅकबुक प्रो, रेटिना नसलेला, आजही बऱ्याच टेबलांवर दिसतो. आत 2.5 इंची साटा हार्ड डिस्क, मिनिटाला 5400 फेऱ्या मारणारी. तिच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) बसवली की तोच मॅक झटझट चालायला लागतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: वर्षानुवर्षं साठलेली सिस्टिम, मेल, फोटो आणि आता कुठे मिळणार नाहीत अशी सॉफ्टवेअरं नव्या डिस्कवर न्यायची कशी?

रस्ते तीन आहेत. मॅकच्या रिकव्हरीतल्या (दुरुस्तीसाठी वेगळी सुरू होणारी छोटी सिस्टिम) डिस्क युटिलिटीचं रिस्टोअर, कार्बन कॉपी क्लोनर किंवा सुपरडुपरसारखं सॉफ्टवेअर, नाहीतर कोरी सिस्टिम टाकून मायग्रेशन असिस्टंटने सामान ओढून घेणं. यातला कुठला घ्यायचा हे दोनच गोष्टी ठरवतात: जुनी डिस्क किती धड आहे आणि तिच्यावर कुठला मॅकओएस आहे. (इथलं सगळं टी2 ही अॅपलची सुरक्षा चिप नसलेल्या इंटेल मॅकसाठी आहे.)

आधी डिस्क युटिलिटी उघडून जुन्या व्हॉल्यूमचा (डिस्कवरच्या ज्या भागात सिस्टिम आहे त्याचा) फॉरमॅट बघा. मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीपर्यंत फिरत्या डिस्कवर साधारणपणे ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ दिसेल. मोजावे 2018 साली आलं आणि त्याने फिरत्या डिस्काही एपीएफएस या अॅपलच्या नव्या फॉरमॅटमध्ये बदलल्या. कॅटालिनाने 2019 मध्ये त्याच एपीएफएसचे सिस्टिम आणि डेटा असे दोन व्हॉल्यूम केले, जे फाइंडरमध्ये मात्र एकच दिसतात.

एसएसडी घेताना 7 मिलिमीटर जाडीची 2.5 इंची साटा आणि जुनीइतकी किंवा मोठी घ्या. 500 जीबीच्या जागी 480 जीबी घेऊन थोडे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, ब्लॉक-ब्लॉक नक्कल करताना नेमकी तिथेच अडचण येते. सोबत साटा ते यूएसबी 3.0 केबल, फिलिप्स 00 आणि टॉर्क्स टी6 हे दोन पेचकस लागतील. एसएसडी आत बसवण्याआधी बाहेर यूएसबीवरच क्लोन करायची (म्हणजे तिच्यावर जुनीची हुबेहूब नक्कल, किंवा कोरी सिस्टिम, चढवायची) आणि बूट करून, म्हणजे तिच्यावरून मॅक सुरू करून बघायची. हा क्रम तिन्ही रस्त्यांना लागू आहे.

रिकव्हरीचं रिस्टोअर

डिस्क धड आणि फॉरमॅट मॅक ओएस एक्स्टेंडेड असेल तर हाच रस्ता पहिला. फुकट आहे, काही डाउनलोड करावं लागत नाही, आणि जुनी सिस्टिम त्या वेळी झोपलेली असल्याने नक्कल चालू असताना एकही फाइल बदलत नाही.

सुरू होतानाचा आवाज आला की लगेच कमांड-आर दाबून धरा. डिस्क युटिलिटीत नवी एसएसडी निवडताना सगळ्यात वरची ओळ निवडा, तिच्याखाली आत सरकलेली नव्हे. हाय सिएरा किंवा पुढचं असेल आणि वरची ओळ दिसत नसेल, तर व्ह्यू मेन्यूत ‘शो ऑल डिव्हायसेस’ करा. मग इरेज: फॉरमॅट ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड’, स्कीम ‘गुइड पार्टिशन मॅप’, नाव ‘नवी’. स्कीमचा पर्यायच दिसत नसेल तर तुम्ही डिस्कऐवजी व्हॉल्यूम निवडलाय. इथे एमबीआर ही जुनी स्कीम राहिली तर पुढे डेटा सगळा येतो, पण मॅक त्यावरून सुरू होण्याची खात्री नाही.

खरी मेख पुढे आहे. मॅकओएसच्या एल कॅपिटन आवृत्तीपासून डाव्या यादीत *लक्ष्य* निवडायचं, एडिट मेन्यूतून रिस्टोअर घ्यायचं आणि उघडलेल्या खिडकीत *स्रोत* द्यायचा. त्याआधीच्या योसेमिटीपर्यंत सोर्स आणि डेस्टिनेशन असे दोन वेगळे रकाने होते, त्यामुळे जुन्या सवयीचा माणूस आधी जुनी डिस्क निवडून बसतो. जी निवडाल ती पुसली जाणार! म्हणून ‘नवी’ हे नाव. रिस्टोअर झाल्यावर मात्र ते नावही जातं आणि दोन ‘मॅकिंटॉश एचडी’ समोर येतात. ऑप्शन दाबून मॅक सुरू केलात की नारिंगी चिन्हाची ती यूएसबीवरची, हे लक्षात ठेवा, आणि तिच्यावरून बूट झाल्यावर पहिलं काम म्हणजे नाव बदलणं.

वेळ? 250 जीबी डेटा आणि सेकंदाला 80 एमबी वेग धरला तर पाऊण ते एक तास. 2011 च्या मॉडेलला यूएसबी 2.0 च आहे, तिथे सेकंदाला 35 एमबी धरून दोन तास. चार्जर लावूनच बसा. फाइलव्हॉल्ट (सगळी डिस्क सांकेतिक करून ठेवणारी सोय) चालू असेल तर आदल्या दिवशीच बंद करा, उकलायलाच कित्येक तास जातात. शेवटी नव्या डिस्कवरून कमांड-आर चालतं का तेही तपासा. लपलेलं रिकव्हरी पार्टिशन सोबत आलंच असेल, असं धरून चालू नका.

क्लोनर सॉफ्टवेअर

कॅटालिनावर असाल आणि सिस्टिम आहे तशीच हवी असेल तर इकडे या. सिस्टिम आणि डेटाची जोडी नीट बांधून नेणं हे त्या सॉफ्टवेअरांनी मुद्दाम शिकून घेतलंय. मात्र आवृत्ती तुमच्या मॅकओएसला चालणारी हवी, नुसती ताजी घेऊन उपयोग नाही. सुपरडुपर पूर्ण क्लोनपुरतं फुकट चालतं, कार्बन कॉपी क्लोनर चाचणीच्या मुदतीत पूर्ण काम करतं.

एका बाबतीत ही दोन्ही रिस्टोअरपेक्षा उणी: चालत्या सिस्टिमवर काम करतात. मेल आणि फोटोज बंद करूनच सुरू करा, नाहीतर त्यांचे डेटाबेस अर्धवट अवस्थेत उचलले जातात.

डिस्क आजारी असेल तर

डिस्क युटिलिटीत ‘स्मार्ट’ (डिस्क स्वतःच्या तब्येतीवर ठेवते ती नजर) स्थिती ‘फेलिंग’ दिसली, किंवा फाइल उघडताना चाक फिरत राहून टकटक ऐकू आली, तर रिस्टोअर करूच नका. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, वाचता आला नाही की ते मध्येच थांबतं आणि हातात वापरता येईल असं काही उरत नाही. पुन्हापुन्हा प्रयत्न म्हणजे मरत्या डिस्कला आणखी पळवणं. आधी कागदपत्रं आणि फोटो साध्या कॉपीने बाहेर काढा. पूर्ण डिस्कच हवी असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरून थेट लिनक्स सुरू होतं) डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर चालवा. ते सोपे भाग आधी वाचून घेतं, हट्टी जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलं त्याचा नकाशा फाइलीत लिहितं.

कोरी सिस्टिम आणि मायग्रेशन

मोजावेवर असाल, किंवा सिस्टिम आधीच कुरकुरत असेल, तर हा रस्ता लांबचा पण स्वच्छ. एसएसडीवर मॅकओएस टाका, पहिल्यांदा सुरू होताना मायग्रेशन असिस्टंटला अजून आत असलेली जुनी डिस्क दाखवा. कमांड-आरने शेवटचं वापरलेलं मॅकओएस येतं, ऑप्शन-कमांड-आरने या मॅकला झेपणारं सगळ्यात नवं, म्हणजे 2012 च्या मॉडेलला कॅटालिना. आणि कॅटालिनावर 32 बिट सॉफ्टवेअर चालत नाही. ऑफिस 2011 सारख्या 32 बिट सॉफ्टवेअरवर काम अडलं असेल तर ही चूक महागात पडते, कारण नव्या मॅकओएसवरून जुन्यावर मायग्रेशन करता येत नाही.

‘इन्स्टॉलर खराब आहे’ असा संदेश आला तर घाबरू नका. 24 ऑक्टोबर 2019 पूर्वी उतरवलेल्या इन्स्टॉलरांचं प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं, ताजा उतरवला की भागतं. आणि ‘रिकव्हरी सर्व्हरशी संपर्क होत नाही’ आलं तर वायफायच्या आधी टर्मिनलमध्ये तारीख बघा. खूप दिवस बंद पडलेल्या मॅकची तारीख हमखास मागे गेलेली असते.

बसवताना

तळाच्या दहा स्क्रूंपैकी तीन लांब आहेत. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवा. बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा. जुन्या डिस्कच्या कडांचे चार टी6 खुंट काढून एसएसडीला लावायला विसरू नका, त्यांच्याशिवाय ती आत हलते.

यूएसबीवरून व्यवस्थित सुरू होणारी एसएसडी आत बसवल्यावर प्रश्नचिन्हाचं लुकलुकतं फोल्डर दाखवत असेल, तर आधी ऑप्शन दाबून सुरू करा. तिथे डिस्क दिसली तर फक्त स्टार्टअप डिस्क निवडायची राहिलीय. दिसलीच नाही, तर पुन्हा क्लोन करण्यात रात्र घालवू नका: या मॉडेलची आतली साटा रिबन केबल खराब होण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, आणि फिरत्या डिस्कला कसाबसा पुरणारा तिचा जीव एसएसडीच्या वेगापुढे टिकत नाही. केबल सुटी मिळते आणि तोच टी6 व फिलिप्स घेऊन बदलता येते.