अ‍ॅक्रिलिकच्या नावाखाली भलतीच शीट: नाटकाच्या खिडकीत झालेली माझी फसवणूक

गेल्या आठवड्यात पंढरपूरहून एका मुलाचा फोन आला. त्यांच्या एकांकिकेत चर्चची रंगीत काचेची खिडकी आहे आणि तिच्यासाठी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, शीट बघायला तो सोलापूरला येऊन गेला होता. दुकानदाराने काउंटरवरचा एक तुकडा उजेडात धरून दाखवला. तुकडा इतका नितळ, की हा पोरगा हजार रुपये अ‍ॅडव्हान्स देऊनच परतला. मी विचारलं, "त्या तुकड्याचा एक कोपरा उडालाय का रे? आणि कडेला निळ्या मार्करचं टिंब आहे?"

तो क्षणभर गप्प झाला. "होय मॅडम. तुम्हाला कसं माहीत?"

ते टिंब मी केलं होतं, गेल्या वर्षी, मार्कर पुसला जातो का ते बघायला. म्हणून हे सगळं लिहायला बसले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण नाव बदललं तरी पद्धत तीच असते.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि संध्याकाळी आमच्या हौशी संस्थेचं नेपथ्य बघते. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात जुन्या वाड्याची माडी होती. जिन्याच्या वर ७ फूट बाय ४ फूट कमानदार खिडकी, तिला रंगीत तावदानं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा सगळा काळ त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडातच दिसायचा होता. खिडकी फसली असती तर शेवटचा प्रवेशच फसला असता.

खरी काच रंगमंचावर आणायचा प्रश्नच नसतो. ४ मिलिमीटर काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे एवढ्या खिडकीला नुसत्या काचेचेच २५-२६ किलो. त्यात सेट उतरवताना फुटली तर अनवाणी वावरणाऱ्या नटांच्या पायांचं काय? म्हणून आम्ही अ‍ॅक्रिलिकवर काम करतो. टेबलावर पूर्ण मापाचं चित्र पसरायचं, वर शीट ठेवायची. फेव्हिकॉलमध्ये काळा अ‍ॅक्रिलिक रंग घट्ट कालवून मेंदीच्या कोनात भरायचा आणि रेघा ओढायच्या. या रेघा म्हणजे खऱ्या खिडकीतल्या शिशाच्या पट्ट्या. रेघ अर्ध्या इंचापेक्षा बारीक ठेवली तर पंधराव्या रांगेतून ती ठळक दिसत नाही, हे मी चुकतमाकत शिकले. रेघ वाळली की मधल्या घरांत पारदर्शक ग्लास कलर सोडायचा. तो मुद्दाम एकसारखा पसरायचा नाही, कुठे दाट, कुठे विरळ, कारण जुन्या काचेतून उजेड कधीच सपाट येत नाही. मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

नेहमीच्या दुकानात त्या दिवशी ८ बाय ४ ची २ मिलिमीटर शीट नव्हती. मांडववाल्याने दुसरं दुकान सांगितलं. तिथे मला तो तुकडा दाखवला. मी तो वाकवून पाहिला, नखाने खरवडला, मार्करचं टिंब करून पुसलं, पूर्ण गेलं नाही. तुकडा खरा अ‍ॅक्रिलिकचाच होता, आजही माझी खात्री आहे. चार शीटचा भाव ठरला ८,४०० रुपये. मी बिल मागितलं तर म्हणाला, "काय ओ मॅडम, पक्कं बिल केलं की १८ टक्के वाढतात. तुम्ही नाटकवाले, वर्गणीचा पैसा. कशाला देताय?" १,५१२ रुपये वाचणार म्हणून मी गप्प बसले. पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. हातात आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "प्लास्टिक शीट, ४ नग". अ‍ॅक्रिलिक हा शब्दच नव्हता.

शीट संध्याकाळी टेम्पोतून तालमीच्या हॉलवर आल्या. दोन्ही बाजूंना कोरी पारदर्शक फिल्म. चांगल्या अ‍ॅक्रिलिकच्या कागदावर किंवा फिल्मवर बहुतेक वेळा कंपनीचं नाव छापलेलं असतं, हेही तेव्हा मनात आलं नाही. शीट उचलायला मला फार हलकी वाटली. हलकी आहे ते बरंच, फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटीवर, भार कमी, असं मी पोरांना म्हणालेसुद्धा.

सुतारमामा कमानीचा आकार कापत होते तेव्हा दोनदा कड टचकन तुटली. "हे अ‍ॅक्रिलिक दिसत नाही ताई," ते म्हणाले. मी म्हटलं, ब्लेड बोथट असेल. मामा चाळीस वर्षं लाकूड-प्लाय कापतायत. त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

दोन रात्री बसून रेघा ओढल्या. तिसऱ्या दिवशी टर्पेंटाइनवर पातळ होणारा ग्लास कलर भरला, लाल, पिवळा, गर्द निळा. हाच रंग, याच पद्धतीने, मी याआधी कितीतरी वेळा वापरलाय. सकाळी सातला कुलूप उघडलं तर निळ्या घरांतून केसासारख्या बारीक चिरा पसरलेल्या. लाल घरांत बोट लावलं तर पृष्ठभाग चिकट. लाइटवाल्या काकांनी मागून एक दिवा लावून बघितला तर प्रत्येक चीर लख्ख उजळून निघाली, जणू तावदानावर कोळ्याचं जाळं. मी खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. रंगीत तालीम चार दिवसांवर होती.

काकांनी नखाएवढा तुकडा पक्कडीत धरून मागच्या अंगणात लायटरने पेटवला. काळाकुट्ट धूर, आणि काजळीचे धागे हवेत तरंगायला लागले. अ‍ॅक्रिलिक जळताना तडतडतं, धूर अगदी कमी असतो आणि गोडसर, फळासारखा वास येतो. ही पॉलिस्टायरीन या दुसऱ्याच प्लास्टिकची शीट होती. दिसायला तितकीच नितळ, किमतीला स्वस्त, ठिसूळ, आणि टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने तिचा पृष्ठभाग खराब होतो. वर्निअरने जाडी मोजली तर २ ऐवजी १.५ मिलिमीटर. म्हणजे दुहेरी फसवणूक.

मला पैशापेक्षा त्या काळ्या धुराची जास्त भीती वाटली. आमच्याकडे अजून ५०० वॅटचे जुने हॅलोजन आहेत आणि खिडकीमागे तेच लागणार होते. अ‍ॅक्रिलिकसुद्धा जळतंच, हॅलोजन त्यालाही चिकटून लावू नये. पण ही शीट विंगेत पेटली असती तर त्या काजळीत पोरांना बाहेरची वाट तरी दिसली असती का?

दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "माल उघडला, कापला, रंगवला. आता परत कसा घेऊ? आणि चिठ्ठीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलंय का कुठे?" काउंटरवर तो नमुन्याचा तुकडा तसाच पडला होता.

घरी येऊन मी चिडून शास्त्राच्या शिक्षिकेला फोन केला. तिने सांगितलेली परीक्षा अगदी सोपी आहे, आणि हे सगळं लिहिण्यातला कामाचा भाग तोच. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. शीटचा छोटा तुकडा आत बुडवा, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा आणि सोडा. पॉलिस्टायरीन वर येऊन तरंगतं, अ‍ॅक्रिलिक तळाशी जातं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच. ना आग, ना धूर, दुकानाच्या दारातही करता येतं. दुसरी गोष्ट वजनाची: ८ बाय ४ ची २ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक शीट सुमारे ७ किलो भरते. आमची एकेक शीट पाच किलोसुद्धा नव्हती. काट्यावर ठेवली असती तर टेम्पो तिथूनच परत पाठवला असता. आणि तुकडा काउंटरवरच्या नमुन्याचा घ्यायचा नाही, जी शीट तुम्हाला देणार आहेत तिच्याच कडेचा कापून घ्यायचा.

खिडकी शेवटी कापडावर झाली. सोलापुरात कापड आणि कापडाचे रंग मिळायला उशीर लागत नाही. मांजरपाट चौकटीवर ताणून ठोकला, साबुदाण्याची पातळ खळ दोन हात दिली, वाळल्यावर सुटे डाय पाण्यात कालवून ब्रशने लावले आणि रेघा त्याच कोनाने ओढल्या. मागून दिवा लागला तेव्हा खळीमुळे कापडाचा पोत मावळला आणि रंग जुन्या काचेसारखे डागाळून उमटले. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात त्या शेवटच्या प्रवेशाला मी विंगेत उभी होते. मला रडू आलं. चार रात्री आम्ही सात जण झोपलो नव्हतो.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला. माझ्याकडे चिठ्ठी आहे, यूपीआयची नोंद आहे, शीटचे उरलेले तुकडे आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी मुदत सरलेली नाही, कागद जुळवतेय. पण चिठ्ठीवर अ‍ॅक्रिलिक हा शब्द आणि जाडी लिहून घेतली असती तर आज इतकं जुळवावं लागलं नसतं. तुम्ही घ्याल तेव्हा १८ टक्के भरा आणि तो शब्द लिहून घ्या. वर्गणीचा पैसा आहे म्हणूनच भरा.

पंढरपूरच्या मुलाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. शनिवारी तो पुन्हा सोलापूरला आला, पिशवीत मिठाच्या पाण्याची बाटली आणि मासे तोलायला असतो तसा हातात धरायचा छोटा वजनकाटा घेऊन. नमुना बाजूला ठेवून त्याने गोदामातली शीट बाहेर काढायला सांगितली आणि पक्क्या बिलावर "अ‍ॅक्रिलिक, २ मिमी" लिहून मागितलं. दुकानदाराने शीट बाहेर काढलीच नाही. माल संपलाय म्हणाला आणि हजार रुपये तिथल्या तिथे परत केले.