बॅकअप चालूच होता की

दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाने एका गावाच्या इतिहासाच्या पुस्तकाचं फोल्डर चुकून उडवलं आणि वर ट्रॅशही रिकामा केला. ३१२ पानं, तीन प्रुफं झालेली. मी त्याला रागावलेसुद्धा नाही. टेबलावर काळी डिस्क होती, तिच्यावर 'बॅकअप २ टीबी' अशी चिठ्ठी होती आणि मॅक संगणकाच्या वरच्या पट्टीत टाइम मशीन, म्हणजे त्यातलाच बॅकअपचा प्रोग्राम, सांगत होतं, शेवटचा बॅकअप आज ११.४० ला.

टाइम मशीन उघडून मागे मागे जात राहिले. डेस्कटॉप होता, डाउनलोड्स होते, लेकीच्या लग्नाचे फोटो होते. 'कामे' हे फोल्डर मात्र एकाही तारखेत नव्हतं. माझा सगळा धंदाच त्या फोल्डरमध्ये आहे.

मी पुण्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावण्याचं काम, करते. मशीनची देखभाल एका माणसाकडे होती. वर्षाचे ६,००० रुपये, महिन्याला एक फेरी, चहा आणि 'सगळं ओके आहे ताई'. डिस्कही त्यानेच आणून दिली, ७,५०० ला. बिल दिलं नाही. मी मागितलंही नाही, ओळखीचा माणूस म्हणून.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, टर्मिनल उघड." आज्ञा टाइप करायची ती काळी-पांढरी चौकट मी आयुष्यात उघडली नव्हती. त्याने टाइम मशीनला सूचना देणारी एक आज्ञा सांगितली: टीएमयूटिल. टी, एम, यू, टी, आय, एल. २०११ पासून प्रत्येक मॅकमध्ये पडून आहे, आणि आमच्या त्या माणसालाही ती चांगलीच ठाऊक होती, हे नंतर कळलं.

आधी तिच्यापुढे लिस्टबॅकअप्स (listbackups) लिहिलं. टर्मिनलला फुल डिस्क अॅक्सेसची परवानगी नव्हती म्हणून आधी नकार आला, सेटिंगमध्ये जाऊन ती दिली. मग तारखांची लांबच लांब रांग खाली उतरली. वर्ष, महिना, दिवस, वेळ. बॅकअप खरोखर होत होते.

मग टीएमयूटिलपुढे इजएक्सक्लूडेड (isexcluded). हा शब्द लिहून एक जागा सोडायची आणि फोल्डर उचलून त्या खिडकीत टाकायचं, पत्ता आपोआप उमटतो. 'कामे' टाकलं. चौकोनी कंसात उत्तर आलं: एक्सक्लूडेड. वगळलेलं.

मी म्हटलं, असं कसं? सेटिंगमध्ये वगळलेल्या गोष्टींची यादी असते, ती मी आताच पाहिली, तिथे 'कामे' नाही. इथेच खरी मेख आहे. वगळण्याचे दोन प्रकार असतात. सेटिंगमधून वगळलं तर ते यादीत दिसतं. पण टीएमयूटिलच्या अॅडएक्सक्लूजन आज्ञेने साधं वगळलं, तर ती खूण फोल्डरलाच चिकटते. फोल्डर कुठेही हलवा, खूण बरोबर जाते आणि सेटिंगच्या यादीत तिचा मागमूस नसतो. ती लावायला अॅडमिनचा पासवर्डही लागत नाही. मी आत चहा टाकायला गेले तेवढा वेळ पुरे.

पण त्याने असं का करावं? भाच्याने डिस्कयूटिल लिस्ट ही जोडलेल्या डिस्क दाखवणारी आज्ञा द्यायला लावली. काळ्या डिस्कसमोर आकडा होता ५००.१ जीबी. नवी पेटी, आत जुनी ५०० ची डिस्क. '२ टीबी', म्हणजे २,००० जीबी, हे त्याने डिस्कला ठेवलेलं नाव होतं, आणि डिस्कला आपण काहीही नाव ठेवू शकतो. माझं 'कामे' एकटंच ७०० जीबीच्या वर. ते बॅकअपमध्ये धरलं असतं तर टाइम मशीनने पहिल्याच दिवशी जागा पुरत नाही म्हणून ओरड केली असती आणि हा उघडा पडला असता. म्हणून त्याने तेवढंच गुपचूप काढून टाकलं. खरी क्षमता फाइंडरमध्ये डिस्कच्या माहितीतही दिसते. मी चिठ्ठी वाचत बसले.

तुमच्याकडे असाच कुणी येऊन जात असेल तर आज कामाचं फोल्डर इजएक्सक्लूडेडला टाकून बघा. उत्तर इन्क्लूडेड यायला हवं. नाही आलं तर टीएमयूटिलच्याच रिमूव्हएक्सक्लूजनने (removeexclusion) खूण निघते. तेवढ्यावरही थांबू नका. महिन्याभरापूर्वीची एखादी फाइल बॅकअपमधून खरोखर बाहेर काढा आणि उघडून बघा. हे काम फेरीला येणाऱ्यावर सोपवू नका. डिस्क घेताना बिल मात्र घ्याच. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला, आणि माझ्याकडे यूपीआयच्या नोंदींपलीकडे काही नव्हतं.

पुस्तक वाचवता आलं म्हणायचं. लेखकाला मेलने पाठवलेल्या दुसऱ्या प्रुफाची पीडीएफ सापडली, त्यावरून आम्ही अकरा रात्री पानं पुन्हा लावली. तिसऱ्या प्रुफातल्या दुरुस्त्या लेखकाने कागदावरून परत काढून दिल्या. वय ७८. एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

त्या माणसाला मी फोन केला होता. 'कामे' वगळलेलं का, असं सरळ विचारलं. दोन क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, पण बॅकअप चालूच होता की."