‘कुत्रा चालेल’ म्हणाली आणि पैसे घेऊन गायब झाली: टेन्बीचा अनुभव

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, घरात कुत्रा असलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं, म्हणून सविस्तर लिहितेय. ऑगस्टमध्ये वेल्समधल्या टेन्बीला जायचं म्हणून आम्ही एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली. सगळे मिळून ६८० पौंड भरले. तिथे पोचल्यावर कळलं की पैसे घेणाऱ्या बाईची त्या पार्कात कॅराव्हॅनच नाही.

भारतातल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. इथली ‘स्टॅटिक कॅराव्हॅन’ गाडीमागे ओढत न्यायची नसते. समुद्रकाठच्या पार्कात वर्षानुवर्षं एकाच जागी उभं असलेलं ते लांबट घर असतं. दोन-तीन झोपायच्या खोल्या, छोटं स्वयंपाकघर, बाहेर लाकडी डेक. काही कॅराव्हॅन पार्कच्या स्वतःच्या असतात, काही लोकांनी विकत घेतलेल्या. हे मालक पार्कला दरवर्षी जागेचे पैसे भरतात आणि तो खर्च निघावा म्हणून आपण नसताना कॅराव्हॅन भाड्याने देतात. आमची फसवणूक झाली ती या खाजगी मालकांच्या बाजारात.

पुण्याहून सासू-सासरे आले होते. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत. स्वयंपाकघर हवं. आणि बंड्या, आमचा लॅब्रॅडॉर, सोबत हवाच. तो आता म्हातारा झालाय, परक्यांकडे ठेवला की खाणंपिणं सोडतो. हे सगळं एका ठिकाणी मिळतं ते कॅराव्हॅनमध्येच. पण कुत्रा आहे म्हटलं की निवड एकदम आक्रसते. पार्कात शंभर कॅराव्हॅन असल्या तरी कुत्र्यांना परवानगी असलेल्या मोजक्याच, आणि शाळांच्या सुट्टीतल्या तारखा कित्येक महिने आधीच बुक झालेल्या असतात. वर प्रत्येक पार्कचे नियम वेगळे. कुठे एकच कुत्रा, कुठे दोन. कुठे कायद्याने बंदी नसलेल्या जातीही चालत नाहीत. कुत्र्याला कॅराव्हॅनमध्ये एकटं सोडायचं नाही, ही अट तर बहुतेक ठिकाणी. काही पार्कांत मालकाचा स्वतःचा कुत्रा चालतो, पण भाडेकरूचा चालत नाही. ही शेवटची अट जाहिरातीत कुणीच लिहीत नाही, आणि ती आम्हाला पार्कच्या दारात उभं असताना कळली.

सगळीकडून ‘सॉरी, फुल’ ऐकल्यावर कॅराव्हॅनच्या एका फेसबुक ग्रुपवर मी विचारलं: पाच माणसं, एक शांत लॅब्रॅडॉर, टेन्बीजवळ काही आहे का? थोड्याच वेळात एका बाईचा खाजगी मेसेज आला, सोबत त्याच ग्रुपवर तिने टाकलेली जाहिरात. एक बुकिंग नुकतंच रद्द झालंय, तुम्हाला देऊ शकते. भाडं बाजारभावापेक्षा किंचितच कमी होतं. फार स्वस्त असतं तर कुणीही सावध झालं असतं.

ही माणसं बोलतात कशी ते नीट सांगते, कारण त्यातच त्यांची सगळी कला आहे. तिने पैशांचा विषय आधी काढलाच नाही. बंड्याबद्दल विचारलं. वय किती, सोफ्यावर चढतो का, पायऱ्या चढताना त्रास होतो का, डेकला फाटक आहे म्हणून तो मोकळा फिरू शकेल. आमच्याकडेही म्हातारा कुत्रा होता, गेल्या वर्षी गेला, असं सांगितलं. मग त्याचं लसीकरणाचं कार्ड मागितलं, पार्कला दाखवावं लागतं म्हणून. कार्डावर आमचा पत्ता आणि मायक्रोचिपचा, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा, नंबर होता. जो माणूस इतके प्रश्न विचारतो तो खराच असणार, असं कुणालाही वाटेल. वर तिने करारपत्र पाठवलं. त्यात पार्कचं नाव, कॅराव्हॅनचा नंबर, चादरी-टॉवेल स्वतःचे आणा ही सूचना, सगळं जागच्या जागी.

आधी १५० पौंड अनामत, मग उरलेले ४३०. खाजगी मालक बहुतेक वेळा कार्ड घेत नाहीत, बँक ट्रान्सफरच मागतात, त्यामुळे त्यात वावगं काही दिसलं नाही. बँकेच्या ॲपने खातेदाराचं नाव तपासलं आणि नाव जुळतंय असं हिरव्या खुणेसह सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. ते खातं त्याच नावाचं आहे, एवढंच त्या खुणेवरून कळतं. कॅराव्हॅन त्या बाईची आहे की नाही, हे बँकेला माहीत नसतं. निघायच्या आदल्या आठवड्यात तिने आणखी १०० पौंड मागितले, कुत्र्याने काही नुकसान केलं तर म्हणून, परत मिळणारे. कुत्र्यासाठी जादा आकार सगळेच घेतात, म्हणून तेही दिले.

एम-फोर महामार्ग धरून वेल्समध्ये शिरलो, कार्मार्थनला थांबून डब्यातले पराठे खाल्ले आणि संध्याकाळी पार्कवर पोचलो. रिसेप्शनवरच्या मुलीने आमचा कागद बघितला आणि तिचा चेहराच उतरला. त्या नंबरची कॅराव्हॅन आहे, पण मालक वेगळे आहेत आणि ते ती कुणालाही भाड्याने देत नाहीत. शिवाय आमच्याकडे भाडेकरूंना कुत्रे आणताच येत नाहीत, असं ती म्हणाली. असाच कागद घेऊन आधीही एक कुटुंब येऊन गेलं होतं. मग पार्कने आपल्या वेबसाइटवर ठळक सूचना का लावली नाही, याचा मला आजही राग येतो.

मी तिथूनच त्या बाईला फोन लावला. फोन बंद. फेसबुकवरचं खातंही गायब.

अंधार पडायला आला होता. गाडीत दोन वयस्कर माणसं, रडवेला मुलगा आणि धापा टाकणारा कुत्रा. प्रीमियर इन या हॉटेलसाखळीत मदतनीस कुत्रे सोडले तर कुत्र्यांना प्रवेश नाही. ट्रॅव्हलॉज या दुसऱ्या साखळीत जादा पैसे भरून चालतात, पण ऑगस्टमध्ये खोली मिळणं कठीण. कुत्र्याला रात्री गाडीत ठेवा असं एकाने सुचवलं. तो विचारही मनात आणू नका. आरएसपीसीए ही प्राणिरक्षण संस्था सांगते की बाहेर २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत तापू शकतं. रात्र थंड असली तरी सकाळ होतेच. शेवटी बऱ्याच अंतरावर एका पबच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आई तो जिना एकेक पायरी बसत बसत चढल्या. ते दृश्य आठवलं की त्या बाईबद्दलचा संताप नव्याने उसळतो.

त्या रात्री नवऱ्याने जाहिरातीतले फोटो मोठे करून पाहिले. बैठकीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि समुद्रात बारीक काड्यांसारख्या पवनचक्क्या उभ्या होत्या. टेन्बीसमोर केल्डी बेट आहे, पवनचक्क्या नाहीत. तोच फोटो गूगलवर इमेज म्हणून शोधला, तर इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, स्केग्नेसजवळ विक्रीला असलेल्या एका कॅराव्हॅनच्या जाहिरातीत जसाच्या तसा सापडला. तिथे समुद्रात पवनचक्क्या आहेत. डेकवर बसलेला तो गोड कुत्रा कुणा तिसऱ्याचाच.

आता पैशांचं. बँकेला लगेच कळवलं. इथे १५९ नंबर फिरवला की बहुतेक बँकांना थेट जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की अशा फसवणुकीत ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात ट्रान्सफर झालेले पैसे बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे, तक्रार १३ महिन्यांच्या आत करायची. बँक १०० पौंडांपर्यंत रक्कम कापू शकते. आमचे कापले. पहिल्या फोनवर मात्र ‘तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत ना’ असं उत्तर मिळालं. तिथे गप्प बसू नका. मेसेज, करारपत्र, पार्ककडून लेखी ईमेल, सगळं पाठवा. आम्हाला तो ईमेल फार उपयोगी पडला. बँक नाहीच म्हणाली तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँक आणि ग्राहकांमधले वाद सोडवणाऱ्या तटस्थ लोकपालाकडे, जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, पण बँकेच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. क्रेडिट कार्डाने भरता आलं तर फारच बरं, कारण १०० पौंडांपेक्षा महाग आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ संरक्षण देतं. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार नोंदवायला इंग्लंड-वेल्समध्ये ०३०० १२३ २०४०, स्कॉटलंडमध्ये १०१. बंड्याच्या मायक्रोचिपचा नंबर त्या बाईकडे गेला होता, म्हणून चिपच्या नोंदणीवाल्यांनाही कळवून ठेवलं.

खाजगी मालकाकडून घेणार असाल तर पैसे देण्याआधी पार्कला फोन करा, आणि तो नंबर जाहिरातदाराने दिलेला नको, स्वतः शोधलेला हवा. विचारा: या नंबरच्या कॅराव्हॅनच्या मालकाला भाड्याने द्यायची परवानगी आहे का, आणि भाडेकरूचा कुत्रा त्या कॅराव्हॅनमध्ये चालतो का? मालकाचं नाव ते सांगणार नाहीत, पण एवढं सांगतात. मालकाकडे व्हिडिओ कॉलवर आतून फिरवून दाखवायचा आग्रह धरा. ‘सध्या तिथे लोक आहेत’ म्हणाले तर ‘ते गेल्यावर दाखवा, मग पैसे देतो’ म्हणा. आणि टेन्बीलाच जाणार असाल तर नॉर्थ बीचवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, तेही आधी बघून घ्या.

त्या ग्रुपच्या ॲडमिनला सांगून आम्ही ती जाहिरात काढायला लावली. पण काही दिवसांतच तेच फोटो दुसऱ्या बाईच्या नावाने, डेव्हनमधली कॅराव्हॅन म्हणून पुन्हा आलेत. खाली लिहिलंय, ‘डॉग्ज व्हेरी वेलकम’. या सुट्टीत कुत्र्याला घेऊन डेव्हनला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आजच सांगा.