ऑइल पेंटिंगच्या नावाखाली मला विकलेला फिल्टर

फोटोवरून पोर्ट्रेट काढून घेण्याच्या विचारात जो कोणी असेल, त्याने पैसे भरण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. ‘कॅनव्हासवर, ऑइल कलरमध्ये, संपूर्ण हाताने’ असं लेखी सांगून मला फोटोवर फिल्टर, म्हणजे फोटोला आपोआप रंगवल्यासारखं रूप देणारा सॉफ्टवेअरचा इफेक्ट, मारलेली प्रिंट विकली गेली. ब्रशने काम केल्यासारखं वाटावं म्हणून तिच्यावर पारदर्शक जेलचे फराटे ओढले होते. पैसे मात्र पेंटिंगचे घेतले.

फोटो माझ्या मावशीचा. ती गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी एका ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला. त्यात दोन अडचणी होत्या. चष्म्याच्या डाव्या काचेवर फ्लॅश चमकल्यामुळे तो डोळा अर्धा झाकला गेला होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर होता. चित्रकाराकडे जायचं कारणच हे. नुसता फोटो मोठा करून फ्रेम करायची असती तर ते काम कुठेही झालं असतं. मला हवा होता उजवा डोळा बघून डावा काढणारा माणूस. फोटोवरून पोर्ट्रेट करून देणाऱ्या एका ऑनलाइन पेजवर मी भलामोठा मेसेज लिहिला. हसताना ती हनुवटी जराशी वर करायची, कानापाशी एक पांढरी बट होती, डोळे फोटोत दिसतात तसे काळेभोर नव्हते, तपकिरी होते. उत्तर आलं, ‘काळजी करू नका ताई, आर्टिस्टना सगळं समजावून सांगतो.’

अर्धे पैसे आगाऊ, उरलेले काम पूर्ण झाल्याचा फोटो बघून, असं ठरलं. मधे ‘प्रोग्रेस’ म्हणून दोन फोटो आले, एक पेन्सिल स्केच आणि एक अर्धवट रंगवलेलं चित्र. मग पूर्ण झालेल्या चित्राचा फोटो आला. चष्म्यावर पांढरं काहीतरी दिसतंय असं मी लगेच कळवलं. ‘तो आमच्या स्टुडिओतल्या लाइटचा रिफ्लेक्शन आहे, प्रत्यक्षात दिसणार नाही,’ असं सांगून उरलेली रक्कम भरल्याशिवाय पार्सल निघणार नाही हेही त्याच मेसेजमध्ये टाकलं. रक्कम भरली आणि पार्सल आलं.

पांढरं होतं ते फ्लॅशच होतं. फोटोतला तो ठिपका जसाच्या तसा काचेवर बसलेला, फरक इतकाच की आता त्याच्या कडेला ब्रशने ओढल्यासारख्या रेघा होत्या. त्यामागचा डोळा काढलेलाच नव्हता. दुसऱ्या डोळ्यात तपकिरी रंगाचा पत्ता नाही, उलट तो आधीपेक्षा जास्त काळा आणि सपाट झालेला. खांद्यावरचा हात पुसला होता खरा, पण शेजारच्या कापडाचा तुकडा उचलून तिथे चिकटवल्यामुळे स्वेटरवरची एकच सुरकुती दोन ठिकाणी उमटली होती. दोन बोटांची टोकं राहूनच गेली होती आणि फिल्टरने ती लोकरीच्या विणीत फासून टाकली होती. काय आहे ते माहीत नसलेल्याला तिथे डाग पडलाय असं वाटेल.

ब्रश हातात धरणारा माणूस फ्लॅशचा ठिपका रंगवत बसत नाही. तिथे डोळा हवा हे त्याला कळतं. फिल्टरला ते कळत नाही, कारण चित्रात चेहरा आहे, चष्मा आहे, हात आहे हे त्याला ठाऊकच नसतं. या सगळ्या इफेक्ट्समध्ये नावाजलेला एक फिल्टर आहे, कुवाहारा. मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७६ साली हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला गोंगाट, म्हणजे नको असलेले ठिपके, कमी करण्यासाठी मांडला. पेंटिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. तो प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार छोटे चौकोन तपासतो, ज्या चौकोनात रंगांची उलथापालथ सर्वांत कमी असेल त्याची सरासरी काढतो आणि तो रंग त्या पिक्सेलला देतो. त्यामुळे बारीक तपशील सपाट होतात पण कडा टिकून राहतात. रंगाचे ठोकळे पडल्यासारखे दिसतात आणि आपल्याला वाटतं, रंगवलंय. पुढे या हिशेबात पुष्कळ सुधारणा झाल्या. २०१५ साली न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकाची प्रणाली, वापरून एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तसली ॲप्स फोनवर आली. आता हे काम बोटाच्या एका टोकाने होतं. तरी झाकलेला डोळा उघडून देणं, आणि तो माझ्या मावशीचाच डोळा असणं, यातलं काहीही फिल्टरच्या आवाक्यातलं नाही.

माझ्या चित्रावर नेमका कोणता फिल्टर चालवला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फोटोशॉपमधला ‘ऑइल पेंट’ ज्यांनी वापरला असेल त्यांना त्याचे स्लायडर आठवतील. फराट्यांचं वळण, लांबी, जाडी, ब्रशच्या केसांच्या रेघा, आणि शेवटी प्रकाशाची दिशा व चकाकी. ही शेवटची दोन फार कामाची आहेत. फिल्टर जाड रंगाचा उंचसखलपणा दाखवण्यासाठी खोटी चकाकी काढतो, आणि ती चित्रातच कायमची छापली जाते. मी कॅनव्हास खिडकीशी नेऊन सावकाश तिरका केला. खऱ्या जाड रंगावर चमक सरकते, एका फराट्यावरून दुसऱ्यावर जाते. इथे गालावरच्या त्या बारीक पांढऱ्या कडा जागच्या हलल्या नाहीत. हलत होती ती वरच्या जेलची चमक, आणि जेलचे फराटे भलत्याच दिशेने गेलेले. केस डावीकडून उजवीकडे, तर त्यावरचा उंचवटा वरून खाली. नाकाची कड जिथे संपते तिथे फराटा न थांबता सरळ पार्श्वभूमीत शिरलेला. रंग आणि उंचवटा एकाच ब्रशने आलेले असतील तर असं होणं शक्य नाही.

मग फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढला आणि मोठा केला. कातडीच्या रंगात निळसर, गुलाबी, पिवळे, काळे असे सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले. इंकजेट प्रिंटर रंग असेच बनवतो. ब्रशने लावलेला मिश्र रंग कितीही मोठा करून पाहिला तरी असा ठराविक ठिपक्यांत फुटत नाही. फ्रेमची बाजू तर स्वतःहून बोलत होती. कॅनव्हास जिथे लाकडावर दुमडला होता तिथे मावशीच्या बाहीचा काठ आरशात पाहावा तसा उलटा छापलेला होता. फोटो कॅनव्हासवर छापून ताणताना मूळ चित्र कडेला कापलं जाऊ नये म्हणून छापणारे असं करतात. हाताने रंगवणारा बाजूची पट्टी कोरी ठेवतो किंवा त्यावर रंग ओढतो. कुणी तिथे बाही उलटी काढत बसत नाही.

वासाचंही सांगते. पाकीट उघडलं तेव्हा तेलाचा, टर्पेंटाइनचा, कसलाच वास आला नाही. ऑइल कलर जवसासारख्या तेलात मळलेला असतो. तो पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. पातळ थरालाही हात लावण्याजोगं व्हायला काही दिवस लागतात, आणि जाड रंगाच्या चित्रावर शेवटचं वॉर्निश सहसा सहा महिने ते वर्षभर थांबून देतात. मला सांगितलं होतं जाड रंग, वॉर्निशसकट, आणि पार्सल मात्र ऑर्डरनंतर काही दिवसांतच घरी. ॲक्रिलिक लवकर वाळतं, त्यामुळे ॲक्रिलिक म्हणून सांगितलं असतं तर या मुद्द्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी प्रत्येक मेसेजमध्ये ऑइल लिहिलं होतं.

सगळ्यात जास्त राग आला तो त्या दोन ‘प्रोग्रेस’ फोटोंचा. मूळ फोटो आणि तथाकथित स्केच एडिटरमध्ये एकावर एक ठेवले, वरच्या लेयरची अपारदर्शकता निम्म्यावर आणली. एकेक केस जुळला. आता, फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडून किंवा चौकटी आखून रेखाटन करणारे प्रामाणिक चित्रकार असतात, त्यामुळे चेहऱ्याची ठेवण तंतोतंत जुळली म्हणून लगेच फसवणूक ठरत नाही. पण फोटोत फोकसबाहेर गेलेली बट स्केचमध्येही तशीच धूसर कशी असेल? पेन्सिल स्केच बनवण्याची युक्ती फोटो एडिट करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. फोटो कृष्णधवल करायचा, त्याची प्रत उलट्या रंगांत घ्यायची, ब्लेंड मोड, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळायची पद्धत, ‘कलर डॉज’ करायचा आणि त्या प्रतीला धूसर करत न्यायचं. रेघा आपोआप उमटतात. अर्धवट रंगवलेलं चित्र त्याहून सोपं. पूर्ण झालेली प्रतिमा वर, स्केच खाली, आणि मध्ये मास्क, म्हणजे वरच्या प्रतिमेचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा. मास्कवर ब्रश फिरवला की रंग चढत गेल्यासारखा दिसतो. माझ्या त्या फोटोत डावा गाल शेवटच्या चकाकीसकट पूर्ण, आणि उजवीकडे नुसत्या रेघा. दोन्हींच्या मधे कच्चा रंग नाही, चुकलेली रेघ नाही, दुरुस्ती नाही. कॅनव्हासची कड दिसत नाही, ईझल नाही, कुणाच्या हाताची सावली नाही. दोन्ही प्रतिमा स्क्रीनवरून थेट काढलेल्या होत्या.

हे सगळं लिहून, फोटोंसकट पाठवलं. पहिलं उत्तर, ‘ही आमच्या आर्टिस्टची स्टाइल आहे.’ दुसरं, ‘डिजिटल पेंटिंगसुद्धा हातानेच करतात.’ करतात ना! टॅब्लेटवर स्टायलस घेऊन कोऱ्या लेयरवर चेहरा उभा करणाऱ्यांचं काम मी पाहिलेलं आहे, तिथे डोळा काढावाच लागतो. माझ्या विक्रेत्याने त्यांची ही मेहनत स्वतःची म्हणून सांगावी याचा मला संताप आला. तिसऱ्या मेसेजनंतर मला ब्लॉक केलं. पैसे ज्या ॲपवरून भरले तिथे तक्रार केली. सुरुवातीच्या बोलण्यात ‘ऑइल कलर, हँडमेड, प्रिंट नाही’ असं त्यांच्याच शब्दांत होतं, ते स्क्रीनशॉट उपयोगी पडले. दुसरा हप्ता परत मिळाला, पहिला नाही.

फिल्टर वापरण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः प्रवासातल्या फोटोंना वॉटरकलरचा इफेक्ट देते, काही तर फार सुंदर दिसतात, धुक्यातली झाडं विशेषतः. ‘फोटोवर पेंट इफेक्ट, कॅनव्हास प्रिंट’ असं स्पष्ट लिहून, त्याच्या दरात काम करून देणारेही आहेत. त्यांच्याकडून बिनधास्त घ्या. प्रश्न आहे तो हाताच्या कामाचा दर लावून न केलेलं काम विकणाऱ्यांचा, आणि त्यांच्यामुळे दर ऐकून गिऱ्हाइकाने शंकेने बघावं अशी वेळ आलेल्या खऱ्या चित्रकारांचा.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी माध्यम कोणतं हे लिहून घ्या, ‘प्रिंटवर काम नाही’ हे वाक्यही लिहून घ्या. फोटोत मुद्दाम एखादा बदल सांगा, चष्मा काढा, मान थोडी वळवा, मागचा माणूस हटवा, आणि पुढचा हप्ता तो बदल दिसल्यावरच द्या. प्रोग्रेस म्हणून स्थिर फोटो चालवून घेऊ नका. कॅनव्हास बाजूने दिसेल, त्यावर ओला रंग लागताना दिसेल आणि शेजारी तुमचं नाव व त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवलेला असेल असा न कापलेला व्हिडिओ मागा. ब्रश फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, कारण छापलेल्या चित्रावर जेल फिरवतानाही ब्रश फिरतोच. ब्रशच्या टोकाला रंग आहे का आणि त्याच्यामागे नवीन आकार उमटतोय का ते बघा. पेजवरचे नमुने एकाच खोलीत, त्याच खुर्चीशेजारी, त्याच उन्हात टांगलेले दिसले तर ती तयार चौकट आहे आणि चित्रं तिच्यात नंतर बसवलेली आहेत. माझ्या विक्रेत्याचे सगळे नमुने तसेच होते. त्याचं पेज आता नाव बदलून पुन्हा सुरू झालंय, आणि खोली तीच आहे.